ग्लुटेन वगळले, पण उष्मांकांचे काय?

गव्हाची पोळी बंद केली, ब्रेड-बिस्किटांना रजा दिली, पाकीटबंद पदार्थही घरातून हद्दपार केले. जिममध्ये वजने उचलण्याचा नेम मात्र चुकला नाही. पहिले पंधरा दिवस अंग हलके वाटले. महिना-दीड महिना उलटला आणि उचलण्याचे वजन पुढे सरकेना, व्यायामानंतरचा थकवा दुसऱ्या दिवशीही उतरेना, काट्यावरचा आकडा वाढण्याऐवजी घसरू लागला. शहरांतील अनेक व्यायामप्रेमींना येणारा हा अनुभव आहे. अशा वेळी दोष व्यायामाच्या पद्धतीला दिला जातो, नाहीतर प्रथिनांची पावडर विकत आणली जाते. बहुतेकदा खरे कारण त्याहून साधे असते. ताटातून जे काढले, त्याच्या जागी तेवढ्या उष्मांकांचे दुसरे काही आलेलेच नसते.

ग्लुटेनमुक्त आहाराविषयी जे लिहिले-बोलले जाते, त्यात काय खाऊ नये याच्या याद्या लांबलचक असतात. किती खावे याची चर्चा अभावानेच होते. वजनांचा व्यायाम करणाऱ्याच्या दृष्टीने हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे.

ग्लुटेन म्हणजे नेमके काय?

गव्हात ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन नावाची प्रथिने असतात. कणकेत पाणी घालून ती मळली, की या प्रथिनांचे चिवट जाळे तयार होते. तेच ग्लुटेन. पोळी पातळ लाटता येते, पाव फुगतो, शेवयांचा धागा तुटत नाही, ते या जाळ्यामुळे. ज्वारी-बाजरीत ते नाही. म्हणूनच भाकरी लाटण्यापेक्षा थापावी लागते, पीठ गरम पाण्यात मळावे लागते आणि पिठाची विरी गेली, की भाकरीला चिरा पडतात. भाकरी थापणाऱ्या आपल्या आजीला ग्लुटेन हा शब्द ठाऊक नव्हता, पण त्याचा अभाव तिच्या हाताला रोज जाणवत होता.

गव्हाप्रमाणेच जव आणि राय या धान्यांतही याच कुळातील प्रथिने असतात. सिलिअ‍ॅक नावाच्या विकारात या प्रथिनांमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला चढवते. अन्नरस शोषून घेणारे आतड्याच्या अस्तरावरील सूक्ष्म उंचवटे त्यामुळे झिजतात. गहू आणि हा विकार यांचा संबंध विलेम डिके या डच बालरोगतज्ज्ञाने दाखवून दिला. १९५० मध्ये त्यांनी त्यावर प्रबंध सादर केला. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरच्या काळात नेदरलँड्समध्ये अन्नटंचाई होती, तेव्हाच्या निरीक्षणांनी त्यांच्या मताला बळ दिले होते. भारतात हा विकार गहू अधिक खाल्ला जाणाऱ्या उत्तरेकडील राज्यांत दक्षिणेपेक्षा बराच जास्त आढळतो. उत्तरेत त्याचे प्रमाण शंभरात सुमारे एक असे मानले जाते.

सिलिअ‍ॅक असलेल्यांना ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य. काहींना गव्हाची अ‍ॅलर्जी असते, तर काहींना सिलिअ‍ॅक नसतानाही गव्हाने पोट फुगण्याचा त्रास होतो. यापलीकडे एक मोठा वर्ग केवळ 'खेळाडू सोडतात म्हणून' ग्लुटेन सोडणाऱ्यांचा आहे. टेनिसपटू नोव्हाक जोकोविच याने २०१० नंतर ग्लुटेन वर्ज्य केले, २०११ मध्ये तीन ग्रँडस्लॅम विजेतीपदे पटकावली आणि २०१३ मध्ये आपल्या आहारावर पुस्तक लिहिले. त्यानंतर या आहाराचा बोलबाला आणखी वाढला. मात्र सिलिअ‍ॅक नसलेल्या सायकलपटूंवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या ऑस्ट्रेलियन प्रयोगात ग्लुटेन सोडल्याने कामगिरीत काही फरक पडलेला दिसला नाही.

येथे एक सूचना महत्त्वाची. सिलिअ‍ॅकची शंका असेल, तर आधी तपासणी आणि मग पथ्य. रक्तातील प्रतिपिंडांची चाचणी गहू खाण्यात असतानाच खरा निष्कर्ष देते. गहू सोडून काही महिने गेल्यावर चाचणी केली, तर विकार असूनही अहवाल निर्दोष येऊ शकतो.

तूट पडते कोठे?

दोन वेळच्या मिळून सहा पोळ्या खाणारा माणूस घेऊ. त्यांना अंदाजे १८० ते १९० ग्रॅम कणीक लागते. त्यातून सुमारे ६५० उष्मांक आणि २० ते २२ ग्रॅम प्रथिने मिळतात. पोळीला लावलेले तेल-तूप वेगळे. आता पोळी गेली आणि तिच्या जागी काकडी, टोमॅटो, कोबी, दुधी अशा भाज्यांचा अर्धा किलोचा ढीग आला. पोट भरले, पण त्या ढिगातून मिळाले जेमतेम १०० ते १५० उष्मांक. म्हणजे एकट्या पोळीच्या हिशेबात दिवसाला पाचशे उष्मांकांची तूट. चहाबरोबरची बिस्किटे, सकाळचा ब्रेड, संध्याकाळचा वडापाव किंवा सामोसा हेही बंद झाल्याने तूट आणखी वाढते. ते पदार्थ आरोग्याला चांगले नव्हते हे खरे, पण त्यांतून ऊर्जा मिळत होती हेही तितकेच खरे.

दुसरे कारण नैसर्गिक, प्रक्रिया न केलेल्या अन्नाच्या स्वभावात आहे. अशा अन्नात पाणी आणि चोथा अधिक असतो. ते चावायला वेळ लागतो आणि पोट लवकर भरते. वजन घटवू पाहणाऱ्यासाठी हा मोठाच गुण आहे. स्नायू कमावू पाहणाऱ्यासाठी तोच गुण अडचणीचा ठरतो. भूक शमली म्हणजे गरज भागली, असे त्याला गृहीत धरता येत नाही.

सिलिअ‍ॅकच्या रुग्णाची अडचण तिहेरी असते. आतड्याचे अस्तर पूर्ववत होण्यास काही महिने लागतात, प्रौढांमध्ये कधी दोन वर्षे वा अधिक. तोपर्यंत खाल्लेले सगळेच अंगी लागत नाही. लोह, फॉलिक अ‍ॅसिड, ब-१२ आणि ड जीवनसत्त्व यांची कमतरता असू शकते. सुरुवातीच्या काळात दूधही पचेनासे होते, कारण दुधातील साखर पचवणारे विकर त्याच झिजलेल्या अस्तरावर तयार होत असते. अशांनी जड वजने उचलण्याची घाई न करता डॉक्टर आणि आहारतज्ज्ञ यांच्या सल्ल्यानेच व्यायाम वाढवावा.

गरज किती?

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने २०२० मध्ये सुचवलेल्या प्रमाणानुसार ६५ किलो वजनाच्या, मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला सुमारे २,७१० उष्मांक लागतात. ५५ किलो वजनाच्या, मध्यम श्रमाच्या स्त्रीला २,१३० लागतात. बैठे काम करणाऱ्यांसाठी हे आकडे अनुक्रमे २,११० आणि १,६६० आहेत. दिवसभर खुर्चीत बसून संध्याकाळी तासभर व्यायाम करणाऱ्याची गरज या दोन आकड्यांच्या दरम्यान कोठेतरी असते. ती प्रत्येकाची वेगळी. स्नायू वाढवायचे असतील, तर गरजेपेक्षा रोज तीनशे-चारशे उष्मांक अधिक लागतात.

प्रथिनांचे सर्वसाधारण प्रमाण शरीराच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. वजनांचा व्यायाम नियमित करणाऱ्याने ते १.६ ग्रॅमच्या आसपास न्यावे, असे अलीकडच्या संशोधनाचे सार आहे. म्हणजे ६५ किलोच्या व्यक्तीला सुमारे १०५ ग्रॅम. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय प्रथिने वाढवू नयेत. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. एकूण उष्मांक अपुरे पडले, तर शरीर खाल्लेली प्रथिने इंधन म्हणून जाळू लागते. स्नायू बांधायला मग ती उरत नाहीत. उपाशी शरीराला महागडी पावडर पाजण्यात म्हणूनच अर्थ नसतो.

उत्तर आपल्याच स्वयंपाकघरात

महाराष्ट्रातील वाचकांना या आहारासाठी परदेशी दुकानांचे उंबरे झिजवण्याची गरज नाही. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी, वरी, राजगिरा, साबुदाणा, सर्व डाळी आणि कडधान्ये यांत ग्लुटेन नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केल्यावर शहरी मंडळींना ज्या धान्यांची नव्याने ओळख झाली, ती आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या शिजत आली आहेत.

शंभर ग्रॅम ज्वारीच्या किंवा बाजरीच्या पिठात ३४० ते ३५० उष्मांक असतात, म्हणजे कणकेइतकेच. प्रथिनेही १० ते ११ ग्रॅम, कणकेपेक्षा थोडीच कमी. तांदळात उष्मांक तितकेच, पण प्रथिने ७-८ ग्रॅम. नाचणीत प्रथिने तांदळाइतकी, मात्र कॅल्शियम ३०० मिलिग्रॅमहून अधिक. पोळी सोडली, तर तितक्याच वजनाच्या पिठाची भाकरी ताटात आली पाहिजे, हा पहिला नियम. साधारण साठ ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत २०० उष्मांक असतात. ती जवळपास दोन पोळ्यांची भरपाई करते.

भाकरी दोनापेक्षा अधिक जात नाही, अशी तक्रार शहरात सर्रास ऐकू येते. त्यावर उपाय भाकरीच्या शेजारी आहे. एक ग्रॅम प्रथिने किंवा पिष्टमय पदार्थ चार उष्मांक देतात, तर एक ग्रॅम स्निग्ध पदार्थ नऊ. चमचाभर तुपाचे ४५ उष्मांक होतात आणि पोटात त्याला जागा लागत नाही. भाकरीबरोबर लोणी, शेंगदाण्याची, तिळाची, जवसाची किंवा कारळ्याची चटणी आणि वर तेलाची धार ही जोडी याच हिशेबाने जमलेली आहे. मोठा चमचाभर दाण्याची चटणी आणि त्यावर चमचाभर तेल घेतले, तर सव्वाशे-दीडशे उष्मांक सहज वाढतात. कोरडी भाकरी आणि उकडलेली भाजी खाऊन बळ येत नाही.

शेंगदाणे हे या आहारातील सर्वांत स्वस्त आणि भरवशाचे धान्यधन. शंभर ग्रॅम दाण्यांत साडेपाचशेच्या आसपास उष्मांक आणि २५ ग्रॅम प्रथिने असतात. पोह्यांत, खिचडीत, कोशिंबिरीत आणि रश्श्यात त्यांचे कूट घालण्याची आपली रीत येथे नेमकी कामाला येते. साबुदाण्यात प्रथिने नावालाच, पण दाण्याचे कूट आणि तूप घातलेली त्याची एक मोठी थाळी साडेपाचशे-सहाशे उष्मांकांपर्यंत जाते. 'एकादशी, दुप्पट खाशी' या म्हणीमागे उष्मांकांचेही सत्य दडलेले आहे.

खाणे जड जात असेल, तर ऊर्जा प्यावी, हा धडा कोल्हापूरच्या तालमींनी फार पूर्वी गिरवला आहे. दूध, तूप आणि बदाम घोटून केलेली थंडाई हा पैलवानांच्या खुराकाचा कणा. कॅलरीचे तक्ते तालमीत टांगलेले नव्हते, पण जोर-बैठका काढून आलेल्या माणसाला ताटभर पालेभाजीने उभारी येत नाही, हे वस्तादाला पक्के ठाऊक होते. पैलवानाइतका खुराक कार्यालयात बसणाऱ्याला पेलणार नाही. परंतु पाव लिटर म्हशीच्या दुधात एक केळे आणि थोडे बदाम घोटून घेतले, तरी साडेचारशे उष्मांकांची सोय होते.

एका दिवसाचा नमुना

६५ किलो वजनाच्या, नियमित व्यायाम करणाऱ्या पुरुषाला सुमारे ३,००० उष्मांक हवेत असे धरून एका दिवसाचा आहार असा आखता येईल. धान्य-डाळींची वजने कच्च्या मालाची आहेत, आकडे स्थूल आहेत.

सकाळी उठल्यावर : म्हशीचे दूध पाव लिटर, दोन केळी. (४७० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिने)

न्याहारी : ७५ ग्रॅम पोह्यांचे दडपे किंवा कांदेपोहे, त्यात ३० ग्रॅम शेंगदाणे, दोन चमचे तेल, सोबत दोन अंडी. (६६० उष्मांक, २५ ग्रॅम)

दुपारचे जेवण : १२० ग्रॅम पिठाच्या दोन ज्वारीच्या भाकरी, ५० ग्रॅम मटकीची उसळ, तेल-तूप मिळून तीन चमचे, वाटीभर दही, पालेभाजी किंवा कोशिंबीर. (८६० उष्मांक, ३० ग्रॅम)

व्यायामाच्या आगेमागे : दाण्याचे दोन लहान लाडू, गूळ घालून. (२४५ उष्मांक, ७ ग्रॅम)

रात्रीचे जेवण : ८० ग्रॅम तांदळाचा भात, ४० ग्रॅम तूरडाळीचे वरण, ७५ ग्रॅम पनीर, दोन चमचे तूप, एक भाजी. (७६५ उष्मांक, ३१ ग्रॅम)

एकूण ३,००० उष्मांक आणि सुमारे १०५ ग्रॅम प्रथिने. अंडी न खाणाऱ्यांनी त्यांच्या जागी वाटीभर दही आणि मूठभर फुटाणे घ्यावेत. मांसाहारी मंडळींना पनीरऐवजी मासे किंवा चिकन घेता येईल. मात्र त्यांत चरबी कमी असल्यास तेल-तुपाचा एखादा चमचा वाढवावा. या यादीत महागडे किंवा पाकीटबंद असे काहीच नाही. ग्लुटेनमुक्त असा शिक्का असलेली बिस्किटे आणि केक यांत बहुधा मैद्याच्या जागी निरनिराळे स्टार्च असतात. ती खाण्यास हरकत नाही, पण त्यांना पौष्टिक मानू नये.

आजवर चोथा कमी खाणाऱ्याने एकदम भाकरी आणि उसळींवर उडी मारली, तर पोटात वायू धरतो. मग 'हेही सोसत नाही' म्हणून तेही सुटते. कडधान्ये भिजवून, मोड आणून आणि नीट शिजवून घ्यावीत, प्रमाण दोन-तीन आठवड्यांत हळूहळू वाढवावे. व्यायामापूर्वीच्या दोन तासांत भाकरीपेक्षा भात, केळे किंवा रताळे बरे. लोहाचे शोषण वाढावे म्हणून जेवणात लिंबू पिळावे आणि चहा जेवणाला जोडून घेऊ नये.

छुपा गहू

सिलिअ‍ॅक असलेल्यांसाठी एक चिमूटही पुरेशी असते. भारतीय अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमाप्रमाणे किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असलेल्या पदार्थालाच ग्लुटेनमुक्त म्हणता येते. यावरून सावधगिरी किती बारीक हवी, याची कल्पना यावी. बाजारात मिळणाऱ्या बांधानी हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि सातूचे पीठ यांत गहू घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. कुरडई तर गव्हाच्या चिकाचीच. रवा, शेवया, लापशी आणि खपली ही गव्हाचीच रूपे. खपली गहू जुन्या वाणाचा आहे म्हणून तो ग्लुटेनमुक्त असल्याचा समज चुकीचा आहे. सोया सॉस, माल्ट घातलेली पेये आणि वजन वाढवणाऱ्या काही पावडरी यांचे वेष्टनही वाचून पाहावे.

सर्वांत दुर्लक्षित जागा म्हणजे कोपऱ्यावरची पिठाची गिरणी. आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दळून झालेल्या जात्यातच आपली ज्वारी पडते आणि पिठात कणकेचा अंश उतरतो. अशा रुग्णाच्या घरी स्वतंत्र घरघंटी असणे ही चैन नव्हे. परात, चाळण आणि तवाही वेगळा असावा, निदान आधी भाकरी आणि मग पोळी असा क्रम तरी पाळावा. ज्यांनी केवळ पोट हलके राहावे म्हणून गहू सोडला आहे, त्यांनी मात्र एवढा बाऊ करण्याचे कारण नाही.

काट्याची साक्ष

आपण पुरेसे खातो की नाही, हे अंदाजाने ठरत नाही. आठवड्यातून एक-दोनदा सकाळी उपाशीपोटी वजन करावे आणि व्यायामात उचललेल्या वजनांची वही ठेवावी. ६५ किलोच्या माणसाचे वजन आठवड्याला दीडशे ते तीनशे ग्रॅम वाढले, तर गाडी रुळावर आहे. दोन-तीन आठवडे काटा हलला नाही, तर रोज एक भाकरी आणि चमचाभर तूप एवढीच भर घालावी, अडीचशे उष्मांक होतात. पुन्हा दोन आठवडे पाहावे.

दीर्घकाळ अपुरे खाऊन व्यायाम चालू ठेवल्यास नुकसान केवळ स्नायूंचे होत नाही. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ मध्ये या अवस्थेकडे लक्ष वेधताना हाडे, संप्रेरके, प्रतिकारशक्ती आणि मनःस्थिती या सर्वांवरील परिणाम नोंदवले. सतत थकवा, चिडचिड, झोप न लागणे, वारंवार दुखापती आणि स्त्रियांमध्ये मासिक पाळी अनियमित होणे वा थांबणे ही त्याची लक्षणे आहेत. पाळी थांबली असेल, तर ती व्यायामाची पावती समजू नये. लागलीच डॉक्टरांना दाखवावे.

पथ्य पाळणाऱ्याच्या मनात वगळण्याची शिस्त फार लवकर रुजते, भरून काढण्याची शिस्त मात्र जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते. गहू सोडणे ही गरज असो वा निवड, त्या दिवशीच पोळीच्या जागी काय आणि किती वाढायचे, याचा हिशेब मांडावा. ज्वारीचे पीठ, दाण्याचे कूट, वाटीभर दही आणि तुपाची वाटी हाताशी असली, की तो जुळवणे अवघड नाही.